ढिवर मासेमारांची असुरक्षितता (पूर्व विदर्भ)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील माजी मालगुजारी (मामा) तलावांवर, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या तलावांवर, जगणाऱ्या ढिवर समाजाच्या मिळकतीची अनिश्चितता. ती का, याला तलावांत मासे कमी झाले हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. प्रश्न पाण्यावरच्या हक्काचा आणि वेळेवर हाती येणाऱ्या पैशाचा आहे.

सहा हजारांहून अधिक असलेले हे तलाव बहुतांशी गोंड राजवटीत कोहळी समाजाने धानासाठी बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली व तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदांकडे आले. ढिवरांच्या सहकारी संस्थेला मिळतो तो फक्त मासेमारीचा ठेका, पाणी सिंचनाचे. पाऊस लवकर थांबला की भारी (उशिरा पिकणारे) धान वाचवण्यासाठी तुडूम (पाणी सोडण्याचे दार) उघडले जाते आणि गाळाने उथळ झालेला तलाव उन्हाळ्याआधीच तळ गाठतो. मग पुरते न वाढलेले मासे घाईने काढावे लागतात. आसपासच्या गावांचीही तीच गत असल्याने बाजारात एकदम माल येतो आणि भाव पडतो. अतिवृष्टीत उलटे होते: सलंगावरून (सांडव्यावरून) मासे वाहून जातात. तिथे जाळी लावली तर कचरा अडून पाणी तुंबते, पाळीला (तलावाच्या बांधाला) धोका होतो.

कतला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यामुळे बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते, तेही जुलै-ऑगस्टमध्ये, घरात पैसा नसताना. 80 ते 100 मिलिमीटरची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) परवडत नाही म्हणून तीन-चार दिवसांचे मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) थेट तलावात सोडले जाते. त्यातले बरेचसे मोठ्या माशांच्या पोटात जाते. जिरे आधी छोट्या संगोपन तळ्यात दोन-तीन महिने वाढवणे हा खरा उपाय. पण त्यासाठी वेगळी जागा आणि खाद्याचा खर्च लागतो. व्यापारी बीज व जाळी उधारीवर देतो, मासे मात्र ठरलेल्या भावाने त्यालाच घालावे लागतात. अशा व्यवहारात ठेका कागदावर संस्थेचा राहतो आणि सभासद किलोमागे मजुरी घेणारा गडी होतो.

मरळ, मांगूर, शिंगी यांचे गणित वेगळे. हे मासे हवेतून श्वास घेतात, जिवंत विकता येतात, चांगला भाव घेतात आणि विकतच्या बीजाशिवाय वाढतात. योजनांचा भर मात्र कतला-रोहूसारख्या कार्प माशांवरच राहिला. काठावर माजलेल्या बेशरम नावाच्या झुडपाने देशी पाणवनस्पतींची जागा घेतली, तसे या माशांचे आसरेही घटले. त्या झुडपांत जाळे ओढणेही कठीण.

ढिवर भटक्या जमाती (ब) प्रवर्गात मोडतात. अनेक कुटुंबे भूमिहीन आहेत. टोपली घेऊन आठवडी बाजारात बसतात त्या बायका, तर संस्थेचे सभासदत्व बहुधा पुरुषाच्या नावावर. किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून मासेमारांनाही खुले झाले, 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषिसमकक्ष दर्जा दिला. पण ठेका संस्थेच्या नावाने, आणि बँकेत दाखवायला भूमिहीन सभासदाकडे सातबारा नसतो.