केली बार्न्स धरण आणि ‘हाय हॅझर्ड’ या शब्दाचा घोळ

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टोकोआ धबधब्याच्या वरच्या अंगाला १८९९ मध्ये दगड भरलेल्या लाकडी सांगाड्याचा बांध होता, तेच पुढचे केली बार्न्स धरण. पुढे त्यावर माती चढवून खालच्या महाविद्यालयासाठी वीज काढली गेली आणि भरावाची उंची टप्प्याटप्प्याने ३८ फुटांवर गेली. १९५७ मध्ये वीजनिर्मिती थांबली. तिथून पुढे तलाव उरला तो मासेमारी आणि विरंगुळ्यासाठी. माझ्या मते धरण खचायला सुरुवात झाली ती इथेच, कारण ज्या पाण्यावर कुणाचे काम अडत नाही, त्याच्या बांधाकडे रोज पाहायला कुणी जात नाही.

६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे दीडच्या सुमारास धरण फुटले. ३९ माणसे गेली. ओढ्याकाठी महाविद्यालयाच्या कुटुंबांची ट्रेलरघरे होती, ती पाण्याने उचलून नेली. चौकशीत एकच एक कारण ठरवता आले नाही. खालच्या बाजूचा उतार फार उभा होता, पावसाने भराव भिजलेला होता, आतून माती वाहून जात असण्याचीही शक्यता होती. १९७३ च्या एका छायाचित्रात त्याच उताराची घसरलेली माती स्पष्ट दिसते. धरणाचे नकाशे मात्र कुठेच सापडले नाहीत.

अमेरिकेत धरणांची यादी आणि तपासणी यांचा कायदा १९७२ मध्येच झाला होता. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बफेलो क्रीकला खाणीचा बांध फुटून १२५ जण गेले, त्यानंतर. यादी तयार झाली, तपासणीला पैसा मिळाला नाही. तो मिळाला टोकोआच्या या दुर्घटनेनंतर. १९७८ ते १९८१ या काळात जवळपास नऊ हजार धरणे तपासली गेली आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश असुरक्षित निघाली.

ही धरणे निवडली होती ‘हाय हॅझर्ड’ म्हणून, आणि घोळ या शब्दाचाच आहे. मराठीत आपण सरळ ‘धोकादायक धरण’ म्हणतो आणि वाचणाऱ्याला भेगा दिसू लागतात. मूळ अर्थ तो नाही. धरण फुटले तर खाली माणसे मरतील का, एवढेच ही वर्गवारी विचारते. भक्कम धरणही ‘हाय हॅझर्ड’ असते आणि रानातला पोखरलेला बांध ‘लो’ ठरतो. शिवाय धरणाला हात न लावता वर्ग बदलतो, खाली चार घरे उभी राहिली की झाले. म्हणून ‘धोका’ न म्हणता ‘फुटल्यास हानी’ म्हणावे, असा माझा आग्रह आहे. मालकाला धरण मजबूत असल्याचे सांगून सुटता येत नाही आणि खालच्या वस्तीला विनाकारण धडकीही भरत नाही.

आपला धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरच्या धरणाला लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान दहा लाख घनमीटर अशा काही अटींपैकी एखादी पुरी करावी लागते. केली बार्न्स साडेअकरा मीटर उंच, सव्वाशे मीटरच्या आत लांब, आणि फुटताना साठा पावणेआठ लाख घनमीटरच्या आसपास. पाया विशेष अवघड किंवा रचना वेगळी ठरली तरच ते या कायद्याखाली आले असते. खाली किती माणसे झोपली आहेत, ही अट त्या यादीत नाही.