घोड्याची लाथ आणि आकाशगंगेचा इतिहास

आकाशगंगाभर पसरलेलं साम्राज्य. अडीच कोटी वस्तीचे ग्रह, १२,००० वर्षांची सत्ता. आणि हे सगळं कोसळणार आहे, असं हॅरी सेल्डन नावाचा एक गणिती भर सुनावणीत शांतपणे सांगतो. साम्राज्य वाचवायचा त्याचा विचारच नाही, कारण ते वाचणार नाही हे त्याच्या गणिताने आधीच दाखवलेलं आहे. त्याची सगळी धडपड एका गोष्टीसाठी आहे: पतनानंतरचं ३०,००० वर्षांचं अंधारयुग १,००० वर्षांत आटोपावं. त्या हजारातलीही पहिली मोजकी वर्षंच त्याच्या वाट्याला येणार आहेत.

आयझॅक असिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन' या विज्ञानकथा-मालिकेचा हा पाया. फाउंडेशन म्हणजे अंधारयुग लवकर आटोपावं म्हणून सेल्डनने वसवलेली वसाहत. १ ऑगस्ट १९४१ रोजी विज्ञानकथांच्या मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांना भेटायला जाताना भुयारी रेल्वेत त्यांना ही कल्पना सुचली. तेव्हा ते २१ वर्षांचे होते आणि कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होते. इतिहासकार गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास त्यांनी दोनदा वाचला होता. पहिली कथा मे १९४२ मध्ये छापून आली, कथांची तीन पुस्तकं १९५१ ते १९५३ या काळात निघाली आणि १९६६ मध्ये 'आजवरची सर्वोत्तम मालिका' म्हणून तिला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्या वर्षी स्पर्धेत टॉल्किन यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ही होती.

खरं सांगायचं तर या पुस्तकांत उणिवा बऱ्याच आहेत. पहिल्या पुस्तकात स्त्रिया जवळजवळ नाहीतच. पात्रं खोलीत बसून बोलतात आणि लढाया बहुतेक पडद्याआड होतात. तरीही मालिका हातातून सुटत नाही. माझ्या मते याचं श्रेय सेल्डनच्या शास्त्राला, 'सायकोहिस्टरी'ला आहे. एकेका माणसाचं काय होईल ते हे शास्त्र सांगू शकत नाही, पण अफाट समुदायाचं काय होईल ते सांगतं.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कल्पना सुचणं अगदी साहजिक होतं. डबीभर हवेतला एखादा रेणू पुढच्या क्षणी कुठे धडकेल हे कोणी सांगू शकत नाही, पण त्या हवेचा दाब किती असेल ते नेमकं काढता येतं. कारण रेणूंची संख्या प्रचंड असते, आणि संख्या वाढेल तसा सरासरीभोवतीचा चढउतार तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लहान होत जातो. शंभर घटक असतील तर तो सुमारे दहावा हिस्सा, दहा हजार असतील तर शंभरावा. सेल्डनच्या आकाशगंगेत एकावर अठरा शून्यं इतकी माणसं आहेत. तिथे चढउतार अब्जांश भागावर येतो.

हे माणसांना लागू पडतं का? काही बाबतींत चकित व्हावं इतकं पडतं. संख्याशास्त्रज्ञ लादिस्लाउस बॉर्टकिएविच यांनी १८९८ मध्ये प्रशियाच्या लष्करातली एक विचित्र आकडेवारी तपासली: घोड्याच्या लाथेने दगावलेले सैनिक. दहा मोठ्या तुकड्या आणि वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी, आणि त्यांत एकूण १२२ मृत्यू. १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता. ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एका नोंदीत चार मृत्यू होते. आता घोडा, सैनिक, तबेला सगळं विसरा आणि फक्त '२०० नोंदींत १२२ मृत्यू' एवढं धरून पॉयसाँचं सूत्र लावा (विरळ, एकमेकींशी संबंध नसलेल्या घटना किती वेळा घडतील ते हे सूत्र सांगतं). उत्तर येतं १०९, ६६, २०, ४ आणि १. कोणाला लाथ बसेल हे कोणीच सांगू शकलं नसतं, पण किती नोंदी कोऱ्या राहतील ते सूत्राने सांगितलं.

विज्ञानाच्या इतिहासात वायू आणि समाज यांच्यातल्या या देवघेवीची एक सुंदर उलटी बाजूही आहे. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३५ मध्येच दाखवलं होतं की गुन्ह्यांसारख्या गोष्टींचे आकडेही वर्षानुवर्षं ठरावीक पातळीच्या आसपास राहतात. त्यांच्या कामावरचा खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शल यांचा लेख तरुण भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी वाचला होता. पुढे १८५९ मध्ये मॅक्सवेल यांनी वायूच्या रेणूंच्या वेगांची विभागणी मांडली. म्हणजे वायूंचं हे गणित समाजाच्या अभ्यासातून आलं होतं, आणि असिमॉव्ह यांनी ते वायूंकडून पुन्हा समाजाकडे आणलं.

पण रेणू अफवा ऐकत नाहीत, माणसं ऐकतात. म्हणून सायकोहिस्टरीला दोन अटी आहेत. समुदाय पुरेसा मोठा हवा, आणि आपल्याबद्दल काय भाकीत झालंय हे त्याला कळता कामा नये. दुसरी अट मला मालिकेतली सर्वांत खोल जागा वाटते. बँक बुडणार असं ठेवीदारांनी ऐकलं की ते पैसे काढायला धावतात आणि धडधाकट बँकही खरोखर बुडते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे उदाहरण देऊन स्वतःलाच खरं करणाऱ्या भाकिताची कल्पना १९४८ मध्ये मांडली, असिमॉव्ह यांच्या पहिल्या कथेनंतर सहा वर्षांनी. साथीच्या रोगात याच्या उलट घडतं: अंदाज ऐकून लोक सावध होतात आणि अंदाज चुकतो. चंद्राला ग्रहणाची वेळ कळली म्हणून ग्रहण टळत नाही. समाजाचं शास्त्र अवघड आहे ते इथेच.

कॅम्पबेल यांच्या आग्रहावरून असिमॉव्ह यांनी १९४५ मध्ये सेल्डनची योजनाच उधळून लावली. 'म्यूल' नावाचा एक उत्परिवर्ती, म्हणजे जनुकांत बदल होऊन जन्मलेला, माणूस येतो आणि इतरांच्या भावना हव्या तशा वळवतो. ठरावीक प्रसंगी माणसं साधारण ठरावीकच वागतात, हे सेल्डनने गृहीत धरलं होतं. नेमकं तेच गृहीतक एकटा माणूस मोडतो. आणि त्याला अडवते कोण, तर बेटा नावाची एक साधी स्त्री. तिला तो मनापासून आवडलेला असतो, म्हणून तिच्या मनाला तो हात लावत नाही, आणि तिचं शाबूत राहिलेलं मनच त्याचा डाव हाणून पाडतं. समुदायाच्या गणितावर उभ्या असलेल्या मालिकेत सगळ्यांत जिवंत प्रसंग दोन माणसांमधला आहे. असिमॉव्ह यांनी आपल्याच कल्पनेची मर्यादा कथेच्या ऐन मध्यावर ठेवली, आणि माझ्या मते मालिका टिकली ती या प्रामाणिकपणामुळे. पॉल क्रुगमन यांना किशोरवयात ही पुस्तकं वाचून सायकोहिस्टरीचा अभ्यासक व्हायचं होतं. त्याच्या सर्वांत जवळचा विषय म्हणून ते अर्थशास्त्राकडे वळले, आणि २००८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्यूलसारखं कोणी आलं नाही, तरी हजार वर्षांचं भाकीत टिकलं असतं का? १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर हवामानाचं प्रारूप चालवत होते. एक गणित मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला. थोड्याच वेळात दोन्ही हवामानं एकमेकांपासून पार वेगळी झाली. अशा व्यवस्थेत छोटी चूक विरून जात नाही, वाढत जाते, आणि तिथे घटकांची मोठी संख्याही कामी येत नाही. लाथांची आकडेवारी जुळली ती एका लाथेचा दुसरीशी संबंध नव्हता म्हणून. युद्धं, बाजार, क्रांत्या यांत एकाची कृती दुसऱ्याला ढकलत जाते.

लॉरेन्झ यांच्या आधीच असिमॉव्ह यांना यावरचा उपाय कथेपुरता सापडला होता. सेल्डनने योजना नुसती आखून सोडलेली नसते. तिच्यावर लक्ष ठेवणारा, ती ढळली की पुन्हा मार्गावर आणणारा एक गुप्त गट, म्हणजेच दुसरं फाउंडेशन, त्याने मागे ठेवलेला असतो. या गटाचे लोक समीकरणं सतत तपासतात, दुरुस्त करतात, चुकतातही. आजची हवामानखातीही दर काही तासांनी ताजी निरीक्षणं घालून आपलं प्रारूप पुन्हा चालवतात, आणि तरीही त्यांचा तपशीलवार अंदाज साधारण दोन आठवड्यांच्या पलीकडे जात नाही.