विमानाचे सुटे भाग तपासणीला पाठवण्यापूर्वी

जॉबसोबत, म्हणजे तपासायच्या भागासोबत, ड्रॉइंग, पर्चेस ऑर्डरची प्रत आणि मटेरियल सर्टिफिकेट पाठवा. ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर ऑर्डरशी आणि सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (धातूच्या वितळीचा क्रमांक) जॉबच्या टॅगशी जुळतो का, हे खोकं बंद करण्याआधी पाहा. मापात चोख असलेला जॉबही हीट नंबर जुळला नाही तर बाजूला काढावा लागतो. धातू कोणता, हे मायक्रोमीटर सांगत नाही.

आलेला जॉब आम्ही तपासणीवाले लगेच मोजत नाही. ड्रॉइंगवरची मापं 20 अंश सेल्सिअसला धरलेली असतात. 500 मिमी लांबीचा ॲल्युमिनियमचा जॉब त्याहून 5 अंश गरम असला की सुमारे 0.06 मिमी जास्त भरतो. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ±0.05 मिमी असेल तर एवढ्यात चांगला जॉब रिजेक्ट होतो. त्याहून वाईट म्हणजे आखूड जॉब पास होतो. म्हणून मोठे, जाड जॉब मोजणीच्या खोलीत रात्रभर ठेवतो. सकाळी देऊन दुपारी रिपोर्ट मागू नका.

सर्वांत जास्त वाद बोअरवरून, म्हणजे आतल्या गोल भोकावरून, होतात. पातळ भिंतीचा बुश (नळीसारखा पोकळ भाग) तीन जबड्यांच्या चकमध्ये (मशीनच्या पकडीत) आवळून बोअर केला की चकमध्ये असेपर्यंत गोल असतो. सोडला की ताण सुटतो आणि बोअर किंचित तिकोनी होतो. दोन टोकांचा बोअर गेज त्यात कसाही फिरवला तरी माप जवळजवळ तेच दाखवतो, म्हणून तुमच्याकडे पास आणि आमच्या तीन टोकांच्या गेजवर नापास. यावर उपाय पकडीत आहे: जॉबच्या व्यासाला बोअर केलेले सॉफ्ट जॉ (मऊ जबडे) वापरा, किंवा जॉब फेसवरून (सपाट टोकावरून) दाबून धरा.

आटे प्लेटिंगआधीच्या (धातूचा थर चढवण्याआधीच्या) मापाचे की नंतरच्या, ते लिहून कळवा. 60 अंशांच्या बाहेरच्या आट्यांवर 5 मायक्रॉनचा थर चढला की पिच डायमीटर (आट्यांच्या उंचीच्या मध्यावरचा व्यास) 20 मायक्रॉनने वाढतो आणि गो रिंग गेज, म्हणजे आट्यांवर सहज फिरायला हवी ती तपासणीची रिंग, अडतो.

पेनेट्रंट टेस्टला (भेगेत शिरणाऱ्या, यूव्हीखाली चमकणाऱ्या द्रवाने क्रॅक शोधायच्या चाचणीला) येणाऱ्या जॉबवर बफिंग, ब्लास्टिंग किंवा एमरी मारू नका. मऊ धातू क्रॅकच्या तोंडावर पसरतो, पेनेट्रंट आत शिरत नाही आणि यूव्ही दिव्याखाली जॉब स्वच्छ दिसतो. मशीनिंग केलेल्या ॲल्युमिनियमला याचसाठी आधी एचिंग करावं लागतं, म्हणजे रसायनाने तो पसरलेला थर काढावा लागतो.

विमानउद्योगाच्या एएस 9102 या मानकाप्रमाणे पहिल्या नगाची तपासणी एकदा झाली म्हणजे कायमची झाली, असं नाही. टूलिंग, प्रक्रिया किंवा कारखान्याची जागा बदलली, किंवा उत्पादन 2 वर्षं थांबलं, तर ती पूर्ण किंवा अंशतः पुन्हा करावी लागते. नेमकं काय बदललं ते कळवलंत, तर बहुतेक वेळा तेवढीच मापं पुन्हा घेऊन भागतं.