स्पेनमधल्या सालामांकाला निघण्याआधी
(स्पॅनिश शिकायला जाणारे आमचे विद्यार्थी आणि त्यांच्या पालकांसाठी)

फी भरून झाली, व्हिसाची फाइल मार्गी लागली. आता तिथला रोजचा दिवस कसा असतो, ते नीट वाचून घ्या.

वर्ग रोज साधारण चार तासांचा. व्याकरण तिथे होतं, बोलणं मात्र घरी होतं. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना यजमान कुटुंबात ठेवतो आणि एका घरात दोन मराठी मुलं कधीच देत नाही. पालक यावर नाराज होतात, सोबत हवी म्हणतात. पण दोघं एकत्र असले की जेवताना मराठीच चालते आणि तीन महिने गेले तरी पावाची टोपली मागायला तोंड उघडत नाही, हे आम्ही पाहिलं आहे.

दुपारचं जेवण दोन-अडीचला, रात्रीचं नऊच्या पुढे. सकाळी कॉफी आणि टोस्ट, बस्स. पोह्या-उपम्याची सवय असलेल्यांच्या पोटात अकराला कावळे ओरडतात. मधल्या सुट्टीत 'पिंचो दे तोर्तिया' घ्या, म्हणजे बटाटा घातलेल्या जाड ऑम्लेटचा तुकडा. दुपारी दोन ते पाच बरीच छोटी दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी सकाळी उरका.

शाकाहारी मंडळींनी हे पाठच करा: 'नि कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन.' मांस नाही, मासे नाहीत, हॅमही नाही. नुसतं 'कार्ने नको' म्हटलं, तर बरेच जण हॅम आणि टूना त्यात धरत नाहीत. आमच्या एका विद्यार्थिनीपुढे पहिल्याच दुपारी मसुरीची वाफाळती वाटी आली. घरच्यासारखी आमटी म्हणून तिने आनंदाने चमचा घातला, तर तळातून चोरिथो सॉसेजची लाल चकती वर आली. यजमानीणबाईंनी प्रेमानेच रांधलं होतं. कळवण्यात आम्ही कमी पडलो होतो. तेव्हापासून प्रत्येकाच्या खाण्याची यादी आम्ही आधीच स्पॅनिशमध्ये पाठवतो. एकादशी, चतुर्थी असेल तर तेही सांगा.

घरात अनवाणी फिरू नका. आपल्याकडे चप्पल दाराशी राहते. तिथे घरातल्या सपाता वेगळ्या असतात आणि थंड फरशीवर उघडे पाय दिसले की आजीबाई रागावतात. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे, हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. सपाता इथूनच न्या.

भाषेबद्दल एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो: स्पॅनिश इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे 'मला आंबा आवडतो', आणि 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे 'मला आंबे आवडतात'. आवडणारा 'मला'मध्ये आणि क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून येणारे इथे आठवडाभर अडखळतात. त, द, प, कही आपलेच, फक्त इंग्रजी वळणाचा ट तिथे नेऊ नका. 'ग्राथियास'मधला थ मात्र जीभ दातांत धरून नुसती हवा सोडत म्हणायचा. यजमानीणबाईंना पहिल्या दिवशी 'उस्तेद', म्हणजे 'तुम्ही', म्हणा. बहुतेक वेळा त्याच 'तू' म्हणायला सांगतात. वडीलधाऱ्यांना अरेतुरे करायला आपली जीभ रेटत नाही, पण तिथे ते आपलेपणाचं आहे.

सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं. ज्यांनी १४९२ मध्ये स्पॅनिशचं पहिलं व्याकरण छापलं ते नेब्रिखा तिथेच शिकवत. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला बेडूक कोरला आहे, तो ज्याचा त्याने शोधावा. कोणी 'देबाखो देल रेलोख' भेटू म्हणालं, तर प्लाथा मायोर या मुख्य चौकातल्या घड्याळाखाली जाऊन उभं राहायचं.

सहा महिन्यांहून जास्त मुक्काम असेल, तर पोहोचल्यापासून महिन्याच्या आत विदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. अर्जासाठी भेटीची वेळ मिळायला उशीर होतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात मागे लागा.

आता पालकांसाठी. दुपारच्या जेवणानंतर ताटं उचलली तरी माणसं उठत नाहीत, तास-तास गप्पा चालतात. याला 'सोब्रेमेसा' म्हणतात, आणि तुमच्या मुलांची खरी शिकवणी तीच. तेवढ्या वेळात फोन नको. तिथल्या पाचनंतर करा: उन्हाळ्यात आपले साडेआठ, ऑक्टोबरअखेरीपासून मार्चअखेरीपर्यंत साडेनऊ.