पतीमागे आलेले भाड्याचे घर आणि जुनी खरेदी किंमत

वडोदऱ्यात रावपुरा, दांडिया बाजार या भागांतील जुन्या मराठी घरांत तळमजल्यावर भाडेकरूचे दुकान आणि वर मालकाचे बिऱ्हाड अशी रचना अजून आढळते. मालक वारला, मृत्युपत्राने घर पत्नीच्या नावे झाले आणि काही वर्षांनी तिने ते विकायला काढले, की करासाठी नफा पतीने मोजलेल्या किमतीपासून धरायचा की त्याच्या मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावापासून, हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा बहुधा दुसरे उत्तर देतो, आणि तिथल्यापुरते ते बरोबरही असते, कारण तिथे वारसाला मृत्युसमयीचा बाजारभाव हीच किंमत मिळते. पतीपत्नींच्या संयुक्त मालकीत मात्र हा लाभ बहुतेक राज्यांत फक्त मृताच्या अर्ध्या हिश्श्यापुरता असतो.

आपल्या कायद्याने ही वाट कधीच धरली नाही. भांडवली नफ्यावरचा कर 1947 मध्ये आला, लवकरच थांबला आणि 1956 च्या कायद्याने परतला. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याने वारसाहक्काने मालमत्ता मिळणे हा करपात्र व्यवहार मानला नाही, पण कलम 49 ने आधीच्या मालकाची खरेदी किंमतच वारसाच्या गळ्यात घातली. त्याच काळात मृताच्या संपत्तीवर 1953 च्या कायद्याने इस्टेट ड्युटीही लागत होती. ती 1985 मध्ये रद्द झाली. तोपर्यंत मोठ्या इस्टेटीच्या वारसाने मृत्युसमयीच्या मूल्यावर कर भरायचा आणि पुढे विकताना तेच मूल्य विसरायचे, असा हा काहीसा अन्यायकारक मेळ होता.

दिलासा मिळाला तो आधारवर्ष पुढे सरकल्याने. 1954, 1964, 1974, 1981 आणि अखेर 2017 च्या अर्थसंकल्पाने 1 एप्रिल 2001. त्यापूर्वी घेतलेल्या घरासाठी खरेदी किमतीऐवजी त्या दिवसाचे बाजारमूल्य धरता येते. 2020 च्या दुरुस्तीनंतर ते त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे गुजरातेत जंत्रीच्या दरापेक्षा, जास्त चालत नाही. 1992 च्या कायद्याने खरेदी किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरणारा महागाई निर्देशांक आला, आणि तो वारसाला मालकी मिळाल्यापासून नव्हे तर पूर्वमालकाच्या काळापासून मोजावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने मंजुळा शहा प्रकरणात 2011 मध्ये ठरवले.

समजा पतीने 1988 मध्ये 2 लाखांना घर घेतले, 2001 मध्ये त्याचे मूल्य 8 लाख होते, 2019 मध्ये त्याच्या मृत्यूच्या वेळी 60 लाख, आणि 23 जुलै 2024 नंतर, त्याच आर्थिक वर्षात, पत्नीने ते 90 लाखांना विकले. हिशेबाचे मार्ग दोन. 2001 चा निर्देशांक 100 आणि विक्रीच्या वर्षाचा 363 धरून किंमत 29.04 लाख होते, नफा 60.96 लाख, आणि 20 टक्के कर सुमारे 12.19 लाख. निर्देशांकाविना नफा 82 लाख, पण 12.5 टक्क्यांनी कर 10.25 लाख, म्हणून हाच मार्ग स्वस्त. अधिभार, उपकर आणि सवलती इथे धरलेल्या नाहीत. 2019 चे 60 लाख मात्र दोन्ही हिशेबांत कुठेच येत नाहीत.

भाड्याच्या घराबाबत आपल्याकडे एक बाजू सोपी आहे: भाड्यातून ठोक 30 टक्के वजावट मिळते, घसारा नाही, त्यामुळे मूळ किंमत वर्षागणिक झिजत नाही. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही पूर्वमालकाच्या किमतीचे तत्त्व कायम असल्याने, पतीच्या कपाटातला 1988 चा दस्तावेज आणि 2001 च्या मूल्याचा अहवाल पत्नीला लागणारच.