गुलबास, तेरडा, अबोली, शेवंती: घरच्या बागेत लावताना
(आमच्या रोपवाटिकेच्या ग्राहकांसाठी)

"आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात गुलबास होता, तसा मिळेल का?" असं दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच. मिळेल, पण गुलबासाचं रोप आमच्याकडून विकत घेऊ नका. गल्लीत कोणाच्या तरी कुंपणाशी तो असतोच आणि झाडाखाली मिऱ्यासारखं काळं बी सांडलेलं असतं. चार दाणे मागून आणा, बोटाच्या पेराएवढे खोल खोचा, झालं. दुपारी चार-पाचनंतर फूल उमलतं, सकाळी मिटतं. उन्हाळ्यात वरचं झाड वाळून जातं तेव्हा ते मेलं समजून उपटू नका. खाली गाजरासारखी जाड मुळी असते, पहिल्या सरी आल्या की तिच्यातूनच पुन्हा फूट निघते. बी आणि मुळी मात्र विषारी. घरात रांगतं मूल असेल तर अंगणात बी पडू देऊ नका.

या जुन्या फुलांना खताची मोठी हौस नसते. आमच्या दुकानात टॉनिकच्या बाटल्या आहेत, पण यांच्यासाठी त्या घेऊ नका. यांना वेळ पाळलेली हवी.

तेरडा

मृग लागला, म्हणजे ७-८ जूननंतर एकदोन चांगले पाऊस झाले, की बी टाका. दोनेक महिन्यांत फूल येतं, म्हणजे महालक्ष्म्यांच्या आसपास. जुलैच्या शेवटी बी मागायला येणाऱ्यांना आम्ही देतो, पण मग सणाला फूल मिळालं नाही म्हणून रागवू नका. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण फुलापुरती खरी. झाड महिना-दीड महिना फुलत राहतं. आपल्या काळ्या मातीत जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साचतं आणि तेरड्याचं खोड बुडाशी सडतं, म्हणून वाफा वीतभर उंच करा. शेंग पिवळसर झाली की हात लावताच फुटून बी उडतं. आधीच मूठ वळून शेंग मुठीत धरा, मग तोडा. हे काम पोरांना द्या, आनंदाने करतात.

शेवंती

सर्वांत जास्त तक्रारी हिच्या. "झाड भरघोस आहे, कळी नाही." एका ताई तीन वर्षं हेच सांगत होत्या. शेवटी आम्ही त्यांच्या घरी जाऊन पाहिलं, तर कुंड्या फाटकाशी आणि वर रात्रभर जळणारा दिवा! शेवंतीला कळी धरायला मोठी, सलग अंधारी रात्र लागते. दिव्याखाली ठेवलेल्या झाडाला दिवस लहान झालाय हे कळतच नाही. कुंड्या सांदवाडीत, म्हणजे घरालगतच्या बोळात, अंधाराच्या बाजूला नेल्या आणि त्या हिवाळ्यात फुलं आली.

फुलं संपली की झाड चार बोटं ठेवून कापा. बुडाशी काश्या, म्हणजे नवे कोंब, फुटतात. उन्हाळाभर त्या अर्ध्या सावलीत जगवा, पावसाळा लागला की वेगळ्या करून लावा. ऑगस्टअखेरपर्यंत दोनतीनदा शेंडे खुडा, म्हणजे झाड पसरतं. त्यानंतर खुडू नका, कळी जाते.

मोगरा आणि अबोली

मोगऱ्याला ऊन हवं, दिवसाचं निदान सहा तास. जानेवारीच्या शेवटी आठ-दहा दिवस पाणी तोडा, मग छाटणी करून शेणखत घाला आणि भरपूर पाणी द्या. फूल नव्या फुटीवरच येतं. छाटायला जीव धजत नाही त्यांच्या मोगऱ्याला पानंच फार. अबोलीचं उलट आहे. तिला सकाळचं ऊन आवडतं, पश्चिमेचं सोसत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा, विशेषतः नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत), तिच्यावर हिरवी जाळी बांधाच. अबोलीची वाळलेली बोंडं पाण्यात टाकली की तडतडून फुटतात. बी मिळवायची तीच सोपी रीत.

सदाफुलीबद्दल काय सांगायचं! ती भिंतीच्या फटीतही येते. गोकर्णाचं बी रात्रभर भिजवून लावा.

माती, पाणी आणि एक नेहमीची चूक

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. वाळली की भेगा पडतात आणि पाणी कडेने निघून जातं. एक भाग काळी माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेलं शेणखत घ्या. ओलं शेण नको, उधई (वाळवी) लागते.

हल्ली बरीच रोपं कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, येतात, आमच्याकडचीही काही. अशी रोपं तशीच काळ्या मातीत लावली तर आजूबाजूची माती ओली आणि मधला गोळा कोरडा, असं होतं. एकदा पूर्ण वाळलेलं कोकोपीट सहजी पाणी धरत नाही. म्हणून लावण्यापूर्वी गोळा बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग बाजूची मुळं बोटांनी मोकळी करून लावा. आमच्याकडून नेलेली रोपं लगेच का मरतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं बहुतेक कूलरमध्ये. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक झाडांना घालतात. पाण्याची वाफ होऊन गेलेली असते, क्षार मात्र तिथेच साठतात. बोअरचं पाणी असेल तर फारच. आठवड्याभरात पानांच्या कडा करपतात. ते पाणी फरशी धुवायला वापरा.

तेरडा आणि गोकर्णाच्या बियांच्या पुड्या गल्ल्याजवळच्या डब्यात ठेवल्या आहेत, फुकट. एका घराने दोनच घ्याव्यात. दिवाळीनंतर आपल्याकडचं बी नीट वाळवून, कागदात बांधून त्याच डब्यात आणून टाका. वर रंग लिहा, आणि फूल एकेरी की दुहेरी तेही. गेल्या वर्षीच्या अर्ध्या पुड्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं.