लँकेस्टर बॉम्बफेकी स्क्वाड्रन (दुसरे महायुद्ध)

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर रात्री हल्ले करणाऱ्या ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बर कमांडचा मूळ घटक म्हणजे स्क्वाड्रन. १९४२ च्या वसंत ऋतूत चार इंजिनांचे लँकेस्टर विमान मोहिमांवर जाऊ लागले आणि इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातल्या सपाट शेतजमिनीत अशा स्क्वाड्रनांचे तळ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर उभे राहिले. विंग कमांडरच्या हाताखाली साधारणपणे दोन किंवा तीन तुकड्या असत.

प्रत्येक विमानात सात जण असत : वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, बिनतारी यंत्रचालक आणि दोन मशीनगनवाले. यातले बहुतेक जण प्रशिक्षण तळावरच्या हँगरमध्ये एकत्र सोडले जात आणि आपले सोबती आपणच निवडत. एरवी कडक शिस्तीच्या हवाई दलात दिलेली ही मोकळीक फार शहाणपणाची होती, कारण पुढे प्रत्येकाचा जीव उरलेल्या सहा जणांच्या हाती असे.

मोहीम ठरली की तळावरचे बाहेरचे दूरध्वनी बंद होत. लक्ष्य गुप्त असे. तरी टाक्यांत किती पेट्रोल भरायचे आणि पोटात कोणते बॉम्ब चढवायचे एवढ्यावरून जमिनीवरचे कामगार पल्ल्याचा अंदाज बांधत. टाक्या काठोकाठ भरायच्या म्हटल्या, तर सुमारे ९,८०० लिटर पेट्रोल लागे आणि मग मजल लांबची आहे हे सांगावे लागत नसे. दुपारी सकाळच्या चाचणी उड्डाणातले दोष दुरुस्त होत असतानाच बॉम्बच्या ट्रॉल्यांची रांग विमानांकडे निघे. संध्याकाळच्या बैठकीत नकाशावरचा पडदा बाजूला झाला की लक्ष्यापर्यंत ताणलेली रंगीत फीत दिसे. उड्डाणापूर्वी, तसेच परतल्यावर, अंडे आणि बेकनचे जेवण मिळे. सामान्य नागरिकाला आठवड्याला जेमतेम एक अंडे मिळत असताना या ताटाचे मोल काय असेल, हे सहज ध्यानी येते.

खरी कसोटी थंडीची आणि टेहळणीची. शेपटीकडचा मशीनगनवाला सहकाऱ्यांपासून दूर, विजेवर तापणारा पोशाख घालून सात-आठ तास काळोखात डोळे ताणून बसे. काचेवरचा एखादा डाग शत्रूचे विमान भासू नये म्हणून काही जण समोरचा पारदर्शक पत्राच काढून टाकत आणि उणे तापमानाचा वारा सरळ तोंडावर घेत. पाठलाग करणारे विमान दिसताच तो वैमानिकाला बजावे आणि वैमानिक विमान गिरक्या घेत खाली-वर फेके. बॉम्ब सुटल्यावरही लक्ष्याचे छायाचित्र निघेपर्यंत विमान काही क्षण सरळ, स्थिर रेषेत ठेवावे लागे. हे क्षण सर्वांत धोक्याचे होते. खाली जळणारे शहर स्क्वाड्रनला पुढे त्या छायाचित्रांतही दिसे; त्यातली माणसे मात्र दिसत नसत. १९४३ च्या जुलैअखेर हॅम्बुर्गमध्ये तीस हजारांहून अधिक नागरिक मेले, ही गोष्ट या दिनक्रमापासून वेगळी काढता येत नाही.

पहिली पाळी ३० मोहिमांची असे. ती पुरी करणे अनेकांच्या नशिबी नव्हते : बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ जण मरण पावले. १९४४ च्या ३०–३१ मार्चच्या रात्री न्यूरेंबर्गवर गेलेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परतलीच नाहीत. परतलेल्यांची चौकशी गुप्तवार्ता अधिकारी चहाचे मग समोर ठेवून घेत. न आलेल्यांच्या नावापुढची उतरण्याच्या वेळेची जागा फळ्यावर कोरी राही. मग सामान आवरणारी समिती येऊन कपडे, पत्रे, फोटो वेगळे करी आणि खाटा रिकाम्या होत.

उघड्यावर, पावसात आणि बर्फात इंजिने दुरुस्त करणारे फिटर आणि विमानाचा सांगाडा सांभाळणारे रिगर मात्र तिथेच राहत. विमान आपले आणि वैमानिकाला ते रात्रीपुरते उसने दिलेले, अशी त्यांची भावना असे. पहाटे आपल्या विमानाच्या रिकाम्या उभ्या-जागेशी ते थांबून राहत, आणि ते आलेच नाही तर थोड्याच दिवसांत कारखान्यातून नवे लँकेस्टर येई; त्याच्या अंगावर बहुधा हरवलेल्या विमानाचेच ओळखीचे अक्षर पुन्हा रंगवले जाई.